आजोबांच्या कट्ट्याची वेळ बदलली!

आमचे आजोबा, वय वर्षं ७८. कोथरूडला राहतो आम्ही. रोज पहाटे साडेपाचला कानटोपी चढवून ते बागेत जायचे. चार फेऱ्या, हास्यक्लब, मग कट्ट्यावर चहा आणि राजकारण. ‘पहाटेची हवा शुद्ध असते, ऊठ!’ हा त्यांचा मला रोजचा डोस.

गेल्या डिसेंबरात मात्र त्यांचा खोकला हटेना. जिना चढताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, धूळ-धूर टाळा. घरात फर्मान निघालं, फिरणं बंद!

खोकला कमी झाला खरा, पण आजोबांचं बोलणंही कमी झालं. दिवसभर टीव्हीसमोर, जेवण निम्म्यावर. कट्टा तुटला की म्हातारी माणसं किती एकटी पडतात, हे तेव्हा कळलं.

मग मी जरा शोधाशोध केली. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, जाळलेला पालापाचोळा सगळं खालीच अडकतं. ऊन तापलं की हे झाकण उघडतं. म्हणजे ज्या हवेत हास्यक्लब छाती भरून श्वास घेत होता, ती अनेकदा दिवसातली सगळ्यात वाईट हवा!

त्यातले पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही मिसळतात. वयानुसार फुप्फुसांची लवचिकता घटते, हृदयावर ताण आधीच असतो. म्हणून त्रास ज्येष्ठांना जास्त. २४ तासांच्या सरासरीसाठी आपली मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते १५!

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या सरकारी एक्यूआयमध्ये या कणांची २४ तासांची सरासरी धरलेली असते. फिरायची वेळ ठरवायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर जवळच्या केंद्राचे तासातासाचे आकडे बघा. आठवडाभर बघितले, तर आमच्याकडे दुपारी तीन ते पाच सगळ्यात बरे निघाले.

पण आजोबा एकटेच चारला जाऊन करणार काय? मग मोबाइल घेऊन मीच कट्ट्यावर गेलो. ‘चाळीस वर्षं पहाटे फिरतोय, काही झालं नाही,’ एक काका उखडले. तासभर वाद झाला. शेवटी निम्मा कट्टा चारला यायला तयार झाला. आजोबा परत बडबडायला लागलेत. आकडे फारच वाईट असतील त्या दिवशी चहा आमच्या घरी.

परवा आजोबांनी विचारलं, ‘हवा तुम्ही खराब करायची आणि वेळ आम्ही बदलायची, होय रे?’

उत्तर नव्हतं माझ्याकडे. कोपऱ्यावरच्या क्लासला मी गाडीनेच जात होतो. आता चालत जातो. तेवढ्याने पुण्याची हवा सुधारणार नाही, माहितीये. पण आजोबांना तोंड दाखवता येतं.