व्हेनिस लास व्हेगासचे, संगमरवर भेडाघाटचा

लास व्हेगासच्या ‘द व्हेनेशियन’ या हॉटेलात कालवा आहे, आणि तो दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन्ही काठांना दुकाने, मधूनमधून कमानदार पूल, छतावर रंगवलेले निळे आकाश. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला नावाडी वल्हे हातात धरून इटालियन गाणी म्हणतो. नाव पुढे सरकते ती विजेच्या मोटरवर. बाहेर नेवाडाचे वाळवंट तापत असते आणि आत पर्यटक ‘व्हेनिस’मध्ये फोटो काढत असतात.

हे स्वप्न शेल्डन एडेल्सन या उद्योजकाचे. मुळात तो संगणकांची व्यापारी प्रदर्शने भरवणारा माणूस. १९८९ मध्ये त्याने व्हेगासमधले नावाजलेले जुने ‘सँड्स’ हॉटेल विकत घेतले. पुढे मधुचंद्रासाठी पत्नीसह व्हेनिसला गेला असताना त्याला नव्या हॉटेलची कल्पना सुचली. १९९६ च्या नोव्हेंबरात सुरुंग लावून ‘सँड्स’ पाडले गेले आणि ३ मे १९९९ रोजी त्याच जागी ‘व्हेनेशियन’ उभे राहिले. खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर, खोल्या तीन हजारांवर आणि सगळ्या ऐसपैस सुइट. उद्घाटनाला अभिनेत्री सोफिया लॉरेन हजर होती. डोजचा राजवाडा, सेंट मार्क चौकातला मनोरा, रिआल्टो पूल, सगळ्याच्या प्रतिकृती इथे आहेत. २००७ मध्ये मकावमध्ये याच नावाचे आणखी मोठे भावंड उघडले.

पत्त्यांची टेबले आणि स्लॉट मशीन तर तळमजल्यावर आहेतच. पण एडेल्सनचे खरे कसब वेगळे होते. हॉटेलला लागून त्याने प्रचंड प्रदर्शन-केंद्र बांधले. शनिवार-रविवारी हौशी पाहुणे आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत व्यापारी परिषदांची मंडळी, म्हणजे खोली कधी रिकामी राहायची नाही. आज व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरची बडी हॉटेले जुगारापेक्षा खोल्या, जेवण, खरेदी आणि करमणूक यांवर जास्त कमावतात. पाहुण्याला आणखी एक रात्र राहावेसे वाटले पाहिजे. कालवा, नावाडी, रंगवलेले आकाश हा सगळा खटाटोप त्यासाठी.

असे कॅसिनो-हॉटेल आपल्या मध्य प्रदेशातल्या जबलपुरात उभे राहू शकत नाही, कारण कायदा आडवा येतो. नेवाडाने १९३१ मध्ये जुगाराला मान्यता दिली. आपल्याकडे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा झाला तेव्हा ज्या प्रांतांसाठी तो केला, त्यांत मध्य प्रांताचे नाव होते आणि जबलपूर त्याच प्रांतात होते. दिवाळीत घरोघरी तीनपत्तीचे डाव रंगतात, पण जुगाराचा अड्डा चालवणे हा गुन्हाच. गोव्याने १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली, १९९६ मध्ये जहाजांवरच्या जुगाराला. मांडवीतल्या कॅसिनो-बोटींचा उगम तो.

मात्र जे उभे करायला व्हेगासला दीड अब्ज डॉलर लागले, ते जबलपूरला नर्मदेने फुकट दिले आहे. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर भेडाघाट. पंचवटी घाटावरून नाव सुटते आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना सुमारे शंभर फुटी संगमरवरी कडे उभे राहतात. पांढऱ्या दगडात काळपट-हिरवट पट्टे, पाणी गर्द आणि संथ. ‘बंदरकूदनी’पाशी पात्र इतके अरुंद होते की माकडे एका काठावरून दुसऱ्यावर उडी मारत, असे सांगतात. इथली नाव खरोखर वल्ह्यांनीच चालते आणि नावाडी हिंदीत यमके जुळवत समालोचन करतो: हा कडा कशासारखा दिसतो, राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चे चित्रीकरण कुठे झाले, ‘अशोका’चे कुठे. टाळी कुठे पडणार हे त्याला नेमके ठाऊक असते.

जवळच धुआंधार धबधबा आहे. त्याच्या तुषारांनी कठड्याशी उभा असलेला माणूस चिंब होतो. वर टेकडीवर कलचुरी राजांच्या काळातले, दहाव्या शतकातले चौसष्ट योगिनी मंदिर आहे. त्याच्या वर्तुळाकार प्राकारात ८१ कोनाडे आहेत; अनेक मूर्ती भंगलेल्या असल्या तरी त्यांचे दागिने आणि वस्त्रांच्या चुण्या अजून स्पष्ट दिसतात. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरलाच भारतातले डायनासोरचे पहिले जीवाश्म सापडले. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भेडाघाट-लमेटाघाटचा समावेश झाला.

एवढे असूनही बहुतेक पर्यटक कान्हाला जाता-येता भेडाघाट अर्ध्या दिवसात उरकतात. नाव, धबधबा, शिंगाडे की संगमरवरी गणपती घेतला, गाडी सुरू. एडेल्सनला जे अचूक कळले होते, ते इथे अजून पुरते रुजलेले नाही: पाहुणा मुक्कामाला राहिला तरच गावाला चार पैसे मिळतात, नावाड्याला, मूर्तिकाराला आणि खानावळवाल्यालाही.

म्हणून नागपूर-विदर्भातून निघणाऱ्या वाचकांनी बेत आखताना भेडाघाटला निदान एक रात्र राखावी. पावसाळ्यात नावा बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. शरद पौर्णिमेच्या सुमारास इथे नर्मदा महोत्सव भरतो. ते जमले तर चांदण्यातले कडेही पाहायला मिळतील. मूर्ती घ्यायचीच असेल तर ती घडवणाऱ्या कारागिराच्या हातूनच घ्यावी आणि प्लास्टिकची बाटली नर्मदेत न टाकता परत आणावी.