फाइल पासवर्ड का सांगत नाही?

सोसायटीच्या हिशेबाच्या एक्सेल फाइलला खजिनदारांनी पासवर्ड घातला आणि आता तो त्यांनाच आठवेना. ईमेलचा पासवर्ड ओटीपीवर बदलून मिळतो, मग फाइलचा का नाही? ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर असतो. ओळख पटली की ती आत घेते. फाइलमागे असं कुणी नसतं.

मुळात फाइलमध्ये पासवर्ड लिहिलेलाच नसतो. तुम्ही टाकलेली अक्षरं गणिती जात्यातून दळली जातात, एक्सेल २०१० पासून तब्बल १ लाख वेळा, आणि त्यातून तयार होणाऱ्या किल्लीने मजकूर सांकेतिक होतो. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. आपल्याला हे दळण क्षणभराचं. पण अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ते दर प्रयत्नाला नव्याने घालावं लागतं. नुसती सहा छोटी इंग्रजी अक्षरं धरली, तरी शक्यता जवळपास ३१ कोटी!

म्हणून अर्धवट आठवणही लाखमोलाची. ‘नातीचं नाव आणि पुढे कुठलंसं साल’ एवढं आठवलं, तरी काम काही शे शक्यतांवर येतं.

फाइल उघडत असेल आणि फक्त शीटमध्ये बदल करता येत नसतील, तर घाबरू नका. ते कुलूप नावापुरतंच. आतला मजकूर सांकेतिक झालेलाच नसतो.