दान, ज्ञान आणि अर्धा शेर पाणी

दान या शब्दाकडे मी संशयाने पाहतो. ज्या व्यवस्थेने आम्हाला पिढ्यानपिढ्या उरलेसुरले वाढले आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतले, त्या व्यवस्थेत वाढलेला माणूस या शब्दाने हुरळून जाणार नाही. तरीही गरीब देशांतील बालमृत्यू रोखण्याच्या प्रयत्नांचा विचार करताना बांगला देशातील एक उदाहरण तपासले पाहिजे असे मला वाटते.

प्रथम रोग समजून घेऊ. जुलाबाने मूल मरते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून ही झीज भरून निघत नाही. परंतु पाण्यात योग्य प्रमाणात साखर आणि मीठ असेल, तर आतडे साखरेबरोबर मिठातले सोडियम आत घेते आणि त्यामागोमाग पाणीही शरीरात शिरते. पटकीतसुद्धा ही वाट बंद होत नाही. १९६८ साली ढाक्यातील पटकी संशोधन प्रयोगशाळेत रुग्णांवर हे सिद्ध झाले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला लावले. जिथे शेकडा तीसपर्यंत रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले.

औषध सापडले होते. तरी १९८०च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले दरवर्षी जुलाबाने मरत होती. औषध आणि मूल यांच्यामध्ये कोण उभे होते? दवाखान्याचे अंतर, पुडीची किंमत, आणि निरक्षर बाईला हे जमायचे नाही हा शिकलेल्यांचा समज.

फजले हसन आबेद यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या 'ब्रॅक' संस्थेने हा समज मोडला. १९८० ते १९९० या काळात, परदेशी देणग्यांच्या बळावर, तिच्या स्त्री कार्यकर्त्या सुमारे १ कोटी २० लाख घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. पुडी वाटली नाही. आईच्याच हातून मिश्रण करवून घेतले. काही दिवसांनी तपासनीस निवडक घरी जाऊन आईला काय आठवते ते विचारीत, आणि कार्यकर्तीचा मोबदला त्या उत्तरांवर ठरे. पुढे दिसून आले की शिकूनही पुष्कळ स्त्रिया हे पाणी वापरत नाहीत, कारण खुद्द कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नाही. तेव्हा त्यांना आधी शास्त्र समजावले. त्या लोकांसमोर स्वतः ते पाणी पिऊ लागल्या. पुरुषांसाठी बाजारात आणि मशिदीत सभा झाल्या.

या व्यवहाराकडे नीट पाहा. आई चुकली तर दोष आईचा धरला नाही, शिकवणारीचा धरला. आमच्याकडे नेमके उलटे झाले. ज्यांनी ज्ञान कोंडून ठेवले, त्यांनीच आम्हाला अज्ञानी म्हणून हिणवले. पैसे देणारा दूर देशी असेल. पण एकदा शिकलेली चिमूट आणि मूठ कोणी परत मागू शकत नाही. देणारा निघून गेल्यावर घेणाऱ्याच्या हाती काय उरते, ही मी दानाची कसोटी मानतो.

मात्र या यशाचीही मर्यादा आहे. आजही जगात दरवर्षी चार लाखांहून अधिक मुले जुलाबाने दगावतात. गूळ-मिठाने मूल वाचते. पण ज्या दूषित पाण्याने ते आजारी पडले, ते पाणी तसेच राहते आणि मूल पुन्हा आजारी पडते. ते अर्धा शेर पाणी कुठल्या विहिरीचे आणि त्या विहिरीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न दानाच्या हिशेबात येत नाही. तो १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी विचारला होता. चिमूटभर मीठ आईला शिकवता येते. स्वच्छ पाणी मात्र हक्काने मागावे लागते, आणि ते दात्याकडे नव्हे, राज्यसंस्थेकडे.