बंगळूरूचा रॅम्प आणि इरकलचा माग

फॅशन शो म्हटले की झगमगते दिवे, मोठ्याने वाजणारे संगीत आणि सामान्य माणसाला कधी अंगावर घालता येणार नाहीत असे कपडे, असे चित्र डोळ्यांसमोर येते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. फॅशन शो हा मुळात एक बाजार आहे. शेतकरी आपला माल पेठेत मांडतो, त्याप्रमाणे वेशभूषाकार, म्हणजेच फॅशन डिझायनर, पुढील हंगामासाठी तयार केलेले कपडे येथे मांडतो. समोर बसलेल्यांत दुकानदार, व्यापारी आणि पत्रकार असतात. कोणता कपडा किती संख्येने घ्यावा, याचा विचार त्यांच्यापैकी अनेकजण तेथेच करीत असतात.

भारतात अशा प्रदर्शनांचा पहिला राष्ट्रीय सप्ताह 2000 साली दिल्लीत भरला. पुढे मुंबईला स्वतंत्र स्थान मिळाले. या दोन शहरांत जागा मिळवणे इतर ठिकाणच्या डिझायनरांना सोपे नव्हते. 2009 साली बंगळूरूत शहराच्या नावाने फॅशन सप्ताह सुरू झाला, तेव्हा स्थानिक डिझायनरांना घराजवळ एक मंच मिळाला.

बंगळूरूची आजची ओळख संगणकांचे शहर अशी असली, तरी वस्त्राशी असलेले तिचे नाते त्याहून जुने आहे. म्हैसूरच्या राज्यात टिपू सुलतानाने अठराव्या शतकात रेशीम उद्योगाला चालना दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी जपानी पद्धतीच्या रेशीमपालनाचा प्रयोग याच शहरात केला. 1912 साली म्हैसूरला रेशमी कापडाचा सरकारी कारखाना निघाला. बंगळूरूजवळच्या रामनगर येथे रेशीमकोषांचा मोठा बाजार आजही भरतो. शहरातील शिवणकामाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. 1997 साली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र येथे सुरू झाले आणि रेखाटन, कापड व शिवण यांचे रीतसर शिक्षण मिळू लागले. कच्चा माल, कारागीर आणि शिक्षण एवढे सारे एका ठिकाणी क्वचितच आढळते.

मंचावरचा कार्यक्रम साधारण अर्ध्या तासात आटोपतो. त्यामागे मात्र कित्येक महिन्यांचे श्रम असतात. प्रत्येक पोशाख तो घालणाऱ्या मॉडेलच्या मापाने आधीच बेतून पाहिला जातो. पडद्यामागे दांड्यांवर कपडे क्रमाने टांगलेले असतात. सोबत पादत्राणे, दागिने आणि पूर्ण पोशाखाचे छायाचित्र ठेवलेले असते. एक पोशाख उतरवून दुसरा चढवायला अवघी एकदोन मिनिटे मिळतात. कोणी कधी निघायचे, कोठे थांबायचे, कोणत्या सुरावर वळायचे हे ठरवणाऱ्यास नृत्याप्रमाणेच कोरिओग्राफर म्हणतात. बंगळूरूचे प्रसाद बिडप्पा हे या कामातील जाणते नाव. हातमागाच्या कापडाला त्यांनी आवर्जून पुढे आणले. दीपिका गोविंद यांच्यासारख्या तेथील डिझायनरांनीही परदेशी कापडाऐवजी देशी विणीवर भर दिला.

या देशी विणींपैकी एक मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात इळकल नावाचे गाव आहे. महाराष्ट्रातील आज्या-पणज्या जे इरकली लुगडे नेसत, ते या गावचे. ओटीत घातला जाणारा आणि चोळी-परकरासाठी वापरला जाणारा खणही त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा प्रसिद्ध आहे. म्हणजे बंगळूरूच्या मंचावर इरकल आली, तर ती आपल्याच घरातील जुन्या पेटीतून निघाल्यासारखी वाटते!

इरकल विणण्याची रीत मोठी कष्टाची आहे. तिच्या अंगाचे उभे सूत निराळे आणि लाल पदराचे रेशमी उभे सूत निराळे. ही दोन्ही सुते मागावर एकेक धागा दुसऱ्यात अडकवून जोडावी लागतात. त्यामुळे दहा साड्यांचा ताणा एकदम चढवून सलग विणत जाणे येथे शक्य नसते; प्रत्येक साडीसाठी वेगळा ताणा करावा लागतो. पदरावरील लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या नक्षीला ‘तोप-तेनी’ असे नाव आहे. काही साड्यांवर पुढे हाताने कशिदा भरला जातो.

यंत्रमागावर तशीच दिसणारी साडी फार थोड्या वेळात आणि कमी पैशांत निघते. वास्तविक, ठरावीक प्रकारचे कापड हातमागासाठीच राखून ठेवणारा कायदा 1985 सालीच झाला. पण नकली माल बाजारातून गेला नाही. विणकराचा मुलगा दुसरे काम शोधू लागतो, त्याचे कारण येथे आहे. फॅशन शोमुळे मागणी वाढते हे खरे, परंतु वाढलेली मागणी यंत्रमागाने पुरवली, तर टाळ्यांचा लाभ विणकरापर्यंत पोहोचत नाही. शिवाय कार्यक्रमाच्या शेवटी नमस्कार करायला डिझायनर मंचावर येतो. विणकर बहुधा तेथे नसतोच.

याच शहरातील ‘विमोर’ या संस्थेची वाट वेगळी आहे. चिम्मी नंजप्पा आणि त्यांच्या कन्या पवित्रा मुद्दय्या यांनी ती 1974 साली सुरू केली. जुन्या साड्यांचे नमुने अभ्यासून त्या विणकरांना नवी नक्षी देतात आणि ती इतरांना विकण्याची मोकळीकही देतात. नक्षीवर एकट्याची मालकी सांगणाऱ्या या व्यवसायात हे विरळाच. पवित्रा मुद्दय्यांच्या कार्याचा गौरव नारीशक्ती पुरस्काराने झाला.

खरी आणि नकली इरकल ओळखणे ग्राहकाला अवघड नाही. 2006 पासून हातमागाच्या कापडाला ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह मिळते, ते आहे का ते पाहावे. मग साडी उलगडून अंग आणि पदर जेथे भेटतात ती जागा निरखावी. हातमागाच्या इरकलीत तेथे धाग्यात धागा अडकवलेल्या सांध्याची बारीक ओळ दिसते आणि बोट फिरवल्यास हातालाही लागते.