घर शाबूत, भीती कशाची?

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून किल्लारी परिसर गाढ झोपला होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे क्षणात कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर ज्यांच्या घराला साधा तडाही गेला नव्हता, अशी माणसेही कित्येक रात्री अंगणात अंथरुणे टाकून झोपली. याहून मोठा धक्का येणार, ही आवई गावोगाव फिरत होती.

वाचलेल्या गावांनी स्वतःला असे का भिववावे? या कोड्याचा पहिला धागा त्याआधी ५९ वर्षांपूर्वी पाटण्यात सापडला होता.

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी उत्तर बिहार हादरला. त्या हाहाकारात जमुना प्रसाद या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने लोकांच्या तोंडच्या अफवा टिपायला घेतल्या. गंगेचे पाणी म्हणे धक्क्यासरशी गडप झाले आणि स्नान करणारे वाळूत रुतले. पाटण्यावर चक्रीवादळ चालून येतेय. चंद्रग्रहणाला धरणी पुन्हा हलणार. फेब्रुवारीत महाप्रलय, तोही तारखेसकट! शहाणी माणसे अफवा झटकून टाकतात. ती खरी की खोटी हे बाजूला ठेवून तिच्याकडे पुरावा म्हणून पाहायला वेगळीच नजर लागते, आणि मला या नजरेचे फार अप्रूप वाटते. १९३५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त प्रसाद यांचा निबंध छापून आला.

मग सोळा वर्षे लोटली.

१९५१ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे एक अवघड काम आले. माणसे एकमेकांवर प्रभाव कसा टाकतात, यावरचे विखुरलेले संशोधन एका सूत्रात ओवायचे होते. सुरुवात अफवांपासून झाली. वाचन वाढत गेले, सूत्र मात्र हाती लागेना. प्रसादांच्या निबंधापाशी मंडळी अडली. या अफवा जिथे धक्का जाणवला, पण विध्वंस झाला नव्हता, अशा भागातल्या होत्या. माणूस क्लेश टाळतो म्हणतात; मग ही सुखरूप माणसे आणखी भयंकर संकटे का कल्पत होती?

आणि एकदम प्रश्नच उलटा फिरला. भीती अफवांच्या आधीची होती! जमीन हलली, काळीज धडधडत राहिले. डोळ्यांपुढे मात्र घर शाबूत, चूल पेटलेली. इतके घाबरण्याजोगे काहीच दिसेना. मनातला हा विसंवाद सोसवेना, म्हणून भीतीला शोभेल असे कारण माणसांनी धुंडाळले. वादळ, ग्रहण, प्रलय त्या पोकळीत धावून आले.

पडताळाही भारतातूनच मिळाला. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतरच्या अफवा नोंदवल्या होत्या. तिथे ढिगारे आणि मृत्यू समोरच होते; पुढच्या अरिष्टांची भाकिते जवळजवळ नव्हतीच.

१९५७ मध्ये फेस्टिंगर यांचे पुस्तक आले आणि मनातल्या या विसंवादाचा, म्हणजेच बोधनिक विसंगतीचा सिद्धांत जगभर गेला. हा सिद्धांत आज मानसशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. कंटाळवाणे काम मजेदार होते असे सांगण्यासाठी कुणाला १, तर कुणाला २० डॉलर देणारा प्रयोग फळ्यावर हमखास येतो, पाटणा क्वचितच. फेस्टिंगर यांनी मात्र पुस्तकाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे, की त्यांच्या चमूला पहिली उमेद देणारी कल्पना प्रसादांच्या नोंदींवरून सुचली.