आईच्या लिहिण्याचे पैसे

अमेरिकेतल्या युटा राज्यात राहणाऱ्या हेदर आर्मस्ट्राँग यांनी २००४ मध्ये आपल्या ‘डूस’ या ब्लॉगवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली, तेव्हा वाचकांनी त्यांच्यावर आगपाखड केली. तीन वर्षं हेच वाचक सगळं फुकट वाचत होते. ऑफिसातल्या माणसांबद्दल लिहिलं म्हणून बाईंची नोकरी गेली होती, तेही त्यांनी चवीने वाचलं होतं. पुढे बाळंतपणानंतरचं नैराश्य, त्यासाठी इस्पितळात राहावं लागणं, हे सगळं त्यांनी उघडपणे लिहिलं. जे बायका एकमेकींच्या कानात सांगत, ते छापल्यासारखं समोर आलं आणि कितीतरी आयांना त्याने धीर दिला. तरी आक्षेप राहिलाच: आईपणाचे पैसे कसे घ्यायचे?

पैसा मात्र त्यात होताच. डायपर, बाबागाड्या, बाळाची खेळणी बनवणाऱ्यांना कळून चुकलं होतं की जाहिरातीपेक्षा एका आईचा शब्द जास्त चालतो. त्या आईच्या हातावर नमुन्याचं खोकं टेकवायचं, तिच्याकडून लेख लिहून घ्यायचा आणि त्याला भेट म्हणायचं, ही रीत पडली. माझ्या मते ही सरळसरळ तोंडाला पानं पुसणं होती. बाबागाडीने किराणा येत नाही.

आईचा शब्द किती वजनाचा होता, हे २००९ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. आर्मस्ट्राँग यांच्या घरी तान्हं बाळ आणि नवं कोरं वॉशिंग मशीन बंद. दुरुस्तीसाठी हेलपाटे घालून त्या वैतागल्या आणि ट्विटरवर त्यांनी कंपनीचं नाव घेऊन राग काढला. त्यांचे फॉलोअर दहा लाखांवर होते. कंपनीची वरची माणसं लगेच हलली. दुसऱ्या एका कंपनीने तर फुकट मशीन देऊ केलं. ते त्यांनी निराधारांच्या निवाऱ्याला देऊन टाकलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अमेरिकेत नियम लागू झाला की पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलं असेल तर तसं सांगायचं. म्हणजे हे काम आहे आणि त्याला मोल आहे, हे सरकारने मान्य केलं.

आपल्याकडे ते मान्य केलं आयकर खात्याने. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा ‘भेटीं’वर १० टक्के करकपात होते, वस्तू परत केली तर नाही, ठेवून घेतली तर होते. खात्याला जे उत्पन्न दिसतं, ते घरातल्यांना आणि वाचकांना का दिसू नये? कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० पासून घरोघर विकत घेतलं गेलं; स्वयंपाक शिकवायचे पैसे कसले, असं कुणी म्हटलं नाही. पण एखादी आई बाळाचं खिमट मोबाइलवर शिकवू लागली की ते तिचं कर्तव्य ठरतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जाताना दिसली, पुरुषाची ९७. त्या मिनिटांतून वेळ काढून ती लिहिते. तिला पैसे मिळालेच पाहिजेत, रोख आणि लेखी कराराने.

इथे मला थांबावं लागतं ते मुलांपाशी. अनुभव आईचा, शब्द आईचे. चेहरा मात्र मुलाचा. २०१५ मध्ये आर्मस्ट्राँग या धंद्यातून बाजूला झाल्या, त्यामागे जाहिरातदारांसाठी मुलींना कॅमेऱ्यासमोर उभं करण्याचा त्रासही होता.  फ्रान्सने २०२० मध्ये अशा कॅमेऱ्यासमोरच्या मुलांसाठी कायदा केला. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १ जुलै २०२४ पासून कमाईतला मुलाचा हिस्सा त्याच्या नावे राखून ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे चित्रपट-मालिकांतल्या बालकलाकाराच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत ठेवण्याचा नियम २०१७ पासून आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मोबाइल टेकवून चित्रित होणाऱ्या मुलालाही तो तितक्याच काटेकोरपणे लागू व्हायला हवा, आणि तो पाळायची सुरुवात आयांनीच करावी.