महिंद्रा युनायटेड
मुंबईतील एक भूतपूर्व फुटबॉल संघ. महिंद्रा अँड महिंद्रा या वाहननिर्मिती करणाऱ्या कंपनीने तो १९६२ मध्ये स्थापन केला. कूपरेज हे त्याचे प्रमुख क्रीडांगण. ड्युरँड चषक (१९९८, २००१, २००८) व फेडरेशन चषक (२००३, २००५) या संघाने जिंकले. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळविले; मुंबईच्या संघास या स्पर्धेत लाभलेले ते एकमेव विजेतेपद होय. २०१० मध्ये कंपनीने शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवून संघ विसर्जित केला व खेळाडूंना अन्य संघांचा आश्रय घ्यावा लागला. कोलकात्याच्या मोहन बागानप्रमाणे त्यास सभासदवर्गाचा आधार नव्हता. सर्व आर्थिक भार कंपनीवर असल्याने, यशस्वी असूनही, तिच्या एका निर्णयाने तो संपुष्टात आला.